क्लच दाबणारी मोटर इतकी लहान कशी झाली?

घाटवाट

क्लचचे पेडल नसलेली गाडी आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रच बदलते) बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांच्या लहान गाड्यांना तसा पर्याय मिळाला. या गाड्यांवरची चर्चा मात्र बहुधा गिअर बदलताना बसणारा हिसका, मायलेज आणि किमतीतला फरक एवढ्यावरच संपते. मला या धाग्यात पेडलची जागा घेणाऱ्या यंत्रणेविषयी, म्हणजे क्लच दाबणाऱ्या आणि सोडणाऱ्या ॲक्च्युएटरविषयी लिहायचे आहे, कारण चालकाच्या पायाचे काम दोन मुठींत मावणाऱ्या पेटीत कसे बसवले गेले ही गोष्ट मला गिअरबॉक्सपेक्षाही अधिक रंजक वाटते.

आधी कामाचा हिशेब मांडतो. क्लचची प्लेट दाबून धरते ती डायफ्रॅम स्प्रिंग, आणि तिला ढकलून क्लच सोडवते ते रिलीज बेअरिंग. लहान पेट्रोल गाडीत या बेअरिंगने स्प्रिंगची बोटे साधारण ८ मिलिमीटर आत ढकलली की क्लच पूर्ण सुटतो आणि त्यासाठी सरासरी १००० न्यूटन, म्हणजे शंभर किलो वजनाइतका जोर लागतो असे धरू. जोर आणि अंतर यांचा गुणाकार ८ ज्यूल होतो. ही ऊर्जा किरकोळ आहे. पाय अर्ध्या सेकंदात पेडल दाबतो तेव्हा तो जेमतेम १६ वॉट शक्ती खर्च करत असतो. अडचण आहे ती वेळेची. गिअर बदलताना ओढ तुटल्याची जाणीव कमीत कमी व्हावी यासाठी क्लच एक दशांश सेकंदात सुटावा लागतो आणि तेवढ्या वेळात हेच काम उरकायचे तर ८० वॉट लागतात. मधल्या गिअरांमध्ये आणि तेलाच्या नळीत निम्मी शक्ती वाया जाते असे मानले तर मोटरच्या शाफ्टवर १६० वॉट हवेत. शिवाय मोटरला स्वतःचा रोटर शून्यापासून हजारो फेऱ्यांपर्यंत पळवून पुन्हा थांबवायचा असतो, तो खर्च वेगळाच. १२ व्होल्टच्या बॅटरीकडून हे मागायचे म्हणजे प्रत्येक गिअरबदलाला क्षणभर वीस-पंचवीस अँपिअरचा ओढा बसणार.

यावरचा पहिला तोडगा म्हणजे साठवलेला दाब. इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीच्या ज्या किटवर आपल्याकडच्या सुरुवातीच्या एएमटी उभ्या राहिल्या, त्यात एक लहान पंप सवडीने तेलाचा दाब तयार करून ॲक्युम्युलेटरमध्ये साठवून ठेवतो आणि हुकूम मिळताच सोलेनॉइड व्हॉल्व्ह तो दाब क्लचकडे सोडतात. मोटरला घाई नसल्यामुळे ती लहान चालते, पण तिच्यासोबत टाकी, ॲक्युम्युलेटर, व्हॉल्व्हचा ठोकळा आणि नळ्या एवढा संसार येतो.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे आणि माझा मुद्दा त्याविषयीच आहे. विजेवर चालणारे ॲक्च्युएटर लहान झाले ते केवळ मोटरी सुधारल्या म्हणून नव्हे, तर मोटरने करायचे कामच कमी केले गेले म्हणून. लुक या जर्मन क्लच कंपनीने, जी आता शेफलर समूहाचा भाग आहे, १९९७ च्या मर्सिडीज ए-क्लासमध्ये जो विजेवर चालणारा क्लच दिला, त्यात मोटर आणि वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी जोडी) यांच्यासोबत एक दाबलेली स्प्रिंग बसवलेली होती. क्लच पकडत असताना डायफ्रॅम स्प्रिंग बेअरिंगला मागे ढकलते आणि त्या जोरावर ही मदतनीस स्प्रिंग दाबली जाते; क्लच सोडायची वेळ आली की साठवलेली तीच ऊर्जा मोटरच्या मदतीला येते. मोटरच्या वाट्याला दोन स्प्रिंगांच्या जोरातला फरक आणि घर्षण एवढेच उरते. त्याच दशकात लुकने स्वतःहून झीज भरून काढणारा क्लचही आणला. साध्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की डायफ्रॅम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि क्लच सोडण्याचा जोर वाढत जातो. जुन्या गाडीचा क्लच जड लागतो तो यामुळेच. झीज भरून निघत असेल तर हा जोर शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो आणि म्हातारपणीच्या जड क्लचसाठी मोटर आधीपासून मोठी ठेवावी लागत नाही.

तिसरी युक्ती पूर्णपणे सॉफ्टवेअरची आहे आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. पाय पेडलवरून काढला की आपला क्लच नेहमी पूर्ण ताकदीने पकडून ठेवतो, जरी इंजिन त्या वेळी त्याच्या क्षमतेच्या पाव भागच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत असले तरी. कॉम्प्युटरला मात्र इंजिन या क्षणी किती टॉर्क देत आहे हे ठाऊक असते. मग इंजिन ४० न्यूटन-मीटर देत असताना क्लच १६० ला घट्ट धरून ठेवण्याऐवजी तो पन्नासएक न्यूटन-मीटरवर तोलून धरता येतो. गिअर बदलायची वेळ येते तेव्हा क्लच अर्ध्या वाटेवरच असतो. उरलेले थोडे अंतर कापायला कमी वेळ आणि कमी शक्ती पुरते. याची किंमत म्हणजे ॲक्च्युएटरला विसावा मिळत नाही, कारण ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक हालचालीसरशी त्याला सरकावे लागते.

जुनेगॅरेज

धागाकर्त्यांनी मोटरच्या आकाराचा हिशेब छान मांडला आहे. पण गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर या यंत्रणेत जोर हा अडचणीचा भाग क्वचितच असतो. ग्राहक गाडी घेऊन येतो तेव्हा तक्रार अशी असते की सिग्नलला गाडी थरथरते, पहिल्या गिअरमध्ये निघताना उडी मारते, किंवा गाडी सकाळी नीट चालते आणि संध्याकाळच्या कोंडीत बिघडते. अशा वेळी मोटर व्यवस्थित फिरत असते, तेलाचा दाबही योग्य असतो. बिघडलेले असते ते क्लच नेमका कुठे पकडतो याविषयीचे कॉम्प्युटरचे अनुमान. म्हणून प्लेट बदलल्यावर किंवा बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यावर स्कॅनर लावून लर्निंग करावे लागते, म्हणजे पकडण्याची जागा कॉम्प्युटरला नव्याने शिकवावी लागते, आणि ते न करता गाडी ग्राहकाच्या हाती दिली तर नवी प्लेटही जुन्यासारखीच वागते.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये आजही पुष्कळदा प्लेट बदलली जाते आणि लर्निंग राहून जाते. मग दोष प्लेटच्या कंपनीला लावला जातो. आमच्याकडे आलेल्या एका गाडीची पहिल्या दुरुस्तीनंतर पूर्ण किट बदलण्याची शिफारस झाली होती; प्रत्यक्षात नव्या प्लेटची जाडी कॉम्प्युटरला कोणी सांगितलीच नव्हती. तेव्हा माझा प्रश्न असा की मोटर लहान झाली हे ठीक, पण क्लचची जागा ओळखण्याचे काम त्या प्रमाणात सोपे झाले आहे का?

आकडेमोड

जुनेगॅरेज यांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येते.

क्लच किती टॉर्क वाहून नेऊ शकतो हे प्लेटवरचा दाब, घर्षणगुणांक, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि दोन घर्षणपृष्ठे यांच्या गुणाकारावर ठरते. ३५०० न्यूटन दाब, ०.३ घर्षणगुणांक आणि ८० मिलिमीटर त्रिज्या घेतली तर १६८ न्यूटन-मीटर येतात. १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ११० ते ११५ न्यूटन-मीटर देते, म्हणजे क्षमता गरजेच्या दीडपट ठरते आणि तेवढी शिल्लक हाताशी राहते. आता प्लेट तापून घर्षणगुणांक ०.२ वर उतरला की क्षमता ११२ वर येते आणि शिल्लक पूर्णपणे संपते. कॉम्प्युटरला प्लेटचे तापमान मोजता येत नाही; आधी किती घसरण झाली, किती वेळ थंड व्हायला मिळाला यावरून तो अंदाज बांधत राहतो.

याहून कठीण भाग जागेचा आहे. प्लेटच्या दोन अस्तरांच्या मध्ये पातळ लहरी पत्रे असतात, ज्यांच्या लवचिकतेमुळे क्लच हळुवार पकडतो. ही लवचिकता पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते आणि डायफ्रॅम स्प्रिंगच्या तरफेमुळे ती रिलीज बेअरिंगपाशी ३ मिलिमीटरच्या जवळपास होते. म्हणजे शून्य ते १६८ न्यूटन-मीटर हा सगळा चढ ३ मिलिमीटरमध्ये बसलेला आहे. तो सरळ रेषेत नसतो, तरी सरासरी काढली तर दर मिलिमीटरला ५६ न्यूटन-मीटर येतात, आणि एक दशांश मिलिमीटरच्या चुकीला पाच-साडेपाच न्यूटन-मीटर. कोंडीत गाडी सरपटत नेण्यासाठी एकूण लागतात दहा-पंधरा न्यूटन-मीटर. मग एक दशांश मिलिमीटर चुकले की निम्मा टॉर्क इकडचा तिकडे होतो आणि प्रवाशाला तो हिसका म्हणून जाणवतो.

तापल्यावर प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेटला दाबणारी चकती) किंचित वाकते, तेलाच्या नळीतले तेल फुगते, प्लेट रोज थोडी झिजते, आणि या प्रत्येकामुळे पकडण्याची जागा अशा कित्येक दशांशांनी सरकते. मोटरच्या शाफ्टवर बसवलेला हॉल सेन्सर (चुंबकावरून फिरणे ओळखणारा) मोटरचे फिरणे अतिशय बारकाईने मोजतो हे खरे, पण तो मोजतो मोटरला. क्लच पलीकडे असतो. म्हणून जुनेगॅरेज यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मोटर जितकी लहान आणि चपळ झाली तितके हे काम सोपे झालेले नाही, आणि या दोन गोष्टी एकमेकींवर फारशा अवलंबूनही नाहीत.

घाटवाट

आकडेमोड यांच्या गणिताशी मी सहमत आहे आणि त्यात तेलाविषयी एक भर घालतो, कारण संध्याकाळच्या कोंडीत बिघडणाऱ्या गाडीचे एक उत्तर तिथे सापडते.

मोटरने मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलायचा आणि बंद नळीतल्या तेलाने स्लेव्ह सिलिंडर हलवायचा, ही रचना आज फार वापरली जाते, कारण मोटर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर सोयीच्या जागी बसवता येते. साध्या पेडलवाल्या गाडीप्रमाणे इथेही पिस्टन पूर्ण मागे आला की टाकीकडचे एक बारीक भोक उघडते आणि तापून फुगलेले जास्तीचे तेल टाकीत परत जाते. पण कोंडीत गाडी सतत सरपटत असेल तर क्लच कधीच पूर्ण पकडत नाही, पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक उघडत नाही. फुगलेले तेल नळीतच अडकून राहते आणि पकडण्याची जागा सरकते. चांगल्या यंत्रणेत याची दखल घेणारी सोय असते: गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची किंवा एका वेगाने चालली असल्याची संधी साधून कॉम्प्युटर पिस्टनला मुद्दाम भोकापर्यंत मागे नेतो. काही ॲक्च्युएटरांत नळीतला दाब मोजणारा सेन्सरही असतो, त्यामुळे जागेसोबत जोरही कळतो आणि अनुमानाला दुसरा आधार मिळतो. लांबच्या कोंडीत मधून मधून न्यूट्रल करावे असे एएमटी चालवणारे अनुभवी लोक सांगतात, त्यामागे प्लेटला थंडावा मिळावा हे कारण तर आहेच, पण हेही एक आहे.

कुतूहल

मी या क्षेत्रातली नाही, तरी धागा आवडीने वाचते आहे. माझी शंका साधी आहे. पेडल होते तेव्हा काहीही झाले तरी पायाने क्लच सोडता येत असे. चालत्या गाडीत या मोटरची वीज गेली तर क्लच कोणत्या अवस्थेत राहतो आणि चालकाने काय करायचे?

घाटवाट

याचे उत्तर रचनेनुसार बदलते आणि या बाबतीत रचनाकारांमध्ये खरोखरच दोन मते आहेत.

वर्म गिअरचा कोन पुरेसा कमी ठेवला तर मोटर वर्म फिरवून चाक हलवू शकते, पण चाकावर कितीही जोर आला तरी ते वर्मला उलटे फिरवू शकत नाही. अशा यंत्रणेत वीज गेली की क्लच जिथे असेल तिथेच थांबतो. चालत्या गाडीत तो पकडलेला असेल तर ओढ टिकून राहते. सिग्नलला सुटलेला असेल तर सुटलेलाच राहतो आणि गाडी अचानक पुढे झेपावत नाही. क्लच धरून ठेवायला विजेचा खर्चही येत नाही. मात्र उलटे न फिरणाऱ्या गिअरची कार्यक्षमता निम्म्याहून कमीच असते, हा यंत्रशास्त्राचा नियम आहे, आणि त्याची भरपाई मोटरला करावी लागते. दुसऱ्या मताचे लोक रोलर स्क्रूसारखी कमी घर्षणाची रचना घेतात, ज्यात मोटर लहान पुरते, पण क्लच सुटलेला ठेवायला सतत थोडा विद्युतप्रवाह द्यावा लागतो आणि वीज गेली तर डायफ्रॅम स्प्रिंग क्लचला आपोआप पकडवते. त्या वेळी गाडी गिअरमध्ये उभी असेल तर एक हिसका बसून इंजिन बंद पडेल.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला असतो. तिथे दोन्ही क्लच एकाच वेळी पकडले तर गिअरबॉक्स जखडून जाईल, म्हणून कोरड्या दुहेरी क्लचमध्ये विश्रांतीची अवस्था सुटलेली ठेवतात आणि पकडण्यासाठी जोर लावतात. लुकने अशा क्लचसाठी जो तरफेचा ॲक्च्युएटर केला, त्यात मोटर क्लचला दाबतच नाही. तरफेच्या एका टोकाला स्प्रिंगचा जोर कायम असतो, दुसरे टोक क्लचवर असते, आणि मोटर फक्त मधला टेकू इकडून तिकडे सरकवते. टेकू जसा सरकेल तसा स्प्रिंगचा जोर क्लचकडे वळतो. जोर स्प्रिंगचा आणि दिशा मोटरची, अशी ही वाटणी आहे, आणि वर मांडलेल्या माझ्या मुद्द्याला याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

जुनेगॅरेज

तरफेचा तो ॲक्च्युएटर फोर्डच्या पॉवरशिफ्ट या सहा गिअरच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये होता आणि तो गिअरबॉक्स आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टच्या १.५ पेट्रोलमध्ये मिळत असे. जगभरात या गिअरबॉक्सची थरथर बदनाम झाली. ऑस्ट्रेलियात तर तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवरून २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तिथे टेकू सरकवणारी मोटर निर्दोष होती असे म्हणता येईलही, कारण चर्चेत आलेल्या मोठ्या कारणांपैकी एक होते शाफ्टच्या सीलमधून झिरपणारे तेल कोरड्या प्लेटवर जाणे. पण गाडी घेणाऱ्याने ही वाटणी का ऐकून घ्यावी? ॲक्च्युएटर, प्लेट, सील आणि सॉफ्टवेअर ही त्याच्या दृष्टीने एकच वस्तू आहे, आणि माझ्याही.

आकडेमोड

त्या थरथरीत उष्णतेचाही वाटा धरावा लागतो आणि आपल्या घाटांच्या संदर्भात तो महत्त्वाचा आहे.

सपाट रस्त्यावर १००० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते तेव्हा क्लच पूर्ण पकडेपर्यंत तिचा वेग ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटर होतो. तितकी गतिज ऊर्जा ४.५ किलोज्यूल असते आणि जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. आता हीच गाडी सहास एक चढावर, ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरवर तोलून धरली असे समजा. उताराच्या दिशेने ओढणारे बल १६३० न्यूटनच्या आसपास येते. चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर आणि पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४ धरले तर क्लचवर ३३ न्यूटन-मीटर टॉर्क राहतो. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असताना क्लचमध्ये प्रत्येक सेकंदाला साडेतीन किलोज्यूलच्या जवळपास उष्णता तयार होते. दहा सेकंदांत सात-आठ वेळा गाडी निघाल्याइतकी उष्णता, आणि तीही गाडी तसूभर न हलता.

खंबाटकीच्या चढावर ट्रक पुढे थांबला की पुष्कळ चालक हेच करतात. पेडलवाल्या गाडीत जळका वास आला की माणूस आपसूक हँडब्रेक ओढतो. पेडल नसलेल्या गाडीत पायाला काहीच कळत नाही. कॉम्प्युटरचा उष्णतेचा अंदाज मर्यादेपलीकडे गेला की इशारा येतो, आणि तोवर बरीच उष्णता प्लेटमध्ये गेलेली असते. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, असेल तर त्याच्यावर, नाहीतर हँडब्रेकवर गाडी धरावी, एवढेच यावर सांगता येते.

चाकोरीबाहेर

या सगळ्यात एक जुना धागा सुटू नये म्हणून लिहीत आहे. पेडल काढून टाकण्याची हौस कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये क्लच तेलाच्या दाबावर आपोआप चालत असे. फिश्टेल अँड साक्सचा साक्सोमॅट त्याच दशकातला: गाडी निघताना केंद्रोत्सारी क्लच (इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा) आणि गिअर बदलताना इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो. १९६८ च्या फोक्सवॅगन बीटलच्या ऑटोस्टिकमध्ये गिअरच्या दांड्यात विजेचा संपर्क होता. दांड्याला हात लागून तो जरा हलला की व्हॅक्यूमने क्लच सुटत असे.

आता २०२० च्या ह्युंदाई व्हेन्यू आणि किआ सोनेटच्या आयएमटीकडे, म्हणजे गिअर हाताने बदलायचा पण क्लचचे पेडल नाही अशा गिअरबॉक्सकडे, पाहा. दांड्यात चालकाचा इरादा ओळखणारा सेन्सर आहे, तो कॉम्प्युटरला संकेत देतो, कॉम्प्युटर ॲक्च्युएटरकडून तेलाचा दाब तयार करून घेतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडतो. हुकूम देण्याची जागा बीटलमध्ये होती तीच आहे. बदलले आहे ते पुढचे सगळे, आणि मुख्यतः क्लच परत पकडतानाचे वागणे. व्हॅक्यूमचा सर्व्हो क्लच सोडण्यात तरबेज होता. पुन्हा पकडवताना मात्र त्याच्याजवळ एका झडपेखेरीज फारशी अक्कल नव्हती.

एक गंमतही सांगण्याजोगी आहे. युरोपात याच समूहाच्या ४८ व्होल्टच्या सौम्य हायब्रिड गाड्यांना आयएमटी याच नावाचा गिअरबॉक्स मिळतो, पण त्यात क्लचचे पेडल आहे. ते यंत्राला जोडलेले नसून त्याचा केवळ संकेत जातो. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर स्वतः क्लच सोडून इंजिन बंद करू शकतो आणि गाडी गिअरमध्ये असूनही मोकळी धावते. तिथे उद्देश इंधन वाचवण्याचा आहे, आपल्याकडे डाव्या पायाला सुटी देण्याचा.

दोनचाकी

मोटारींच्या या चर्चेत दुचाकीला जागा असेल तर मला वाटते की सर्वांत आटोपशीर नमुना सध्या तिथेच आहे. होंडाने २०२३ च्या अखेरीस जाहीर केलेला आणि सीबीआर ६५० आर व सीबी ६५० आर या गाड्यांवर प्रथम दिलेला ई-क्लच इंजिनाच्या उजव्या बाजूच्या क्लच कव्हरपाशीच बसतो आणि गाडीचे वजन त्यामुळे सुमारे २ किलोनेच वाढते. त्यात दोन लहान मोटरी आहेत. क्लच उघडणारा शाफ्ट तीन भागांत विभागलेला आहे: एक हातातल्या लिव्हरकडचा, एक मोटरींकडचा आणि एक क्लचकडचा. त्यामुळे मोटरी काम करत असताना लिव्हर हलत नाही, आणि चालकाने कोणत्याही क्षणी लिव्हर दाबला तर त्याचेच चालते. गिअर मात्र पायानेच बदलायचा.

याच्या उलट टोकाला यामाहा आहे. २००६ च्या एफजेआर १३०० एएसमध्ये क्लच आणि गिअर दोन्ही ॲक्च्युएटरने चालत आणि क्लचचा लिव्हरच काढून टाकलेला होता. २०२४ च्या वाय-एएमटीमध्येही लिव्हर नाही. टीव्हीएसने २००९ मध्ये आणलेल्या जाइव्हमध्येही लिव्हर नव्हता, पण तिथे काम केंद्रोत्सारी क्लच करत असे, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे.

घाटवाट

दुचाकीला या धाग्यात जागा नक्कीच आहे, पण तिथे काम हलके असते हे लक्षात घ्यायला हवे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच अनेक प्लेटांचा आणि तेलात बुडालेला असतो. घर्षणपृष्ठे पुष्कळ असल्यामुळे कमी दाबात टॉर्क निघतो, तेल उष्णता वाहून नेते, आणि क्लच सुटायला प्रेशर प्लेटची एक-दोन मिलिमीटरची हालचाल पुरते. मोटारीच्या कोरड्या एकेरी प्लेटला यातली एकही सवलत नाही. तरीही होंडाची शाफ्ट विभागण्याची कल्पना मला फार आवडते, कारण कुतूहल यांच्या शंकेला तिथे यांत्रिक उत्तर मिळते: वीज गेली तरी लिव्हर हातात आहे.

डावापाय

गेल्या काही प्रतिसादांत डाव्या पायाला सुटी असा उल्लेख आला, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. माझ्या डाव्या पायाला लहानपणीच्या पोलिओमुळे जोर नाही. मी आजवर व्हॅक्यूमवर चालणारे क्लचचे किट बसवलेली जुनी पेट्रोल गाडी चालवली आहे आणि आता पेडलवाली डिझेल गाडी घेऊन तिला विजेवर चालणारे किट बसवण्याच्या विचारात आहे. एएमटी घे असे सगळे सांगतात, पण मला हवी असलेली गाडी त्या पर्यायात मिळत नाही. किट निवडताना काय पाहावे?

जुनेगॅरेज

डावापाय, डिझेलसाठी विजेवरचे किट शोधता आहात हे योग्यच आहे. व्हॅक्यूमचे किट पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटलमागच्या पोकळीतून शक्ती घेते; डिझेलमध्ये ती पोकळी नसते आणि ब्रेकसाठी असलेल्या व्हॅक्यूम पंपावर क्लचचा भार टाकू नये. तो ब्रेकचा आधार आहे.

विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारा की किट क्लच पूर्ण दाबणे आणि पूर्ण सोडणे एवढेच करते, की पकडण्याच्या जागेजवळ वेग आपोआप कमी करते आणि ती जागा बदलली तर नव्याने शिकते. वर आकडेमोड यांनी एक दशांश मिलिमीटरचा जो हिशेब दिला आहे, त्याचा अर्थ तुमच्या बाबतीत असा की जागा न शिकणारे किट प्लेट झिजेल तसे दर काही महिन्यांनी सेटिंगला न्यावे लागेल. दुसरा प्रश्न विजेचा: गाडी गिअरमध्ये उभी असताना किटची तार काढून दाखवायला सांगा आणि क्लच काय करतो ते स्वतः पाहा. ही चाचणी मोकळ्या जागेत आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवूनच करावी. जे किट पेडल जागेवर राहू देते आणि त्याला फक्त ओढते, ते अधिक बरे, कारण बिघाड झाला तर दुसरा कोणीही गाडी चालवत घरी आणू शकतो.

सॉफ्ट क्लचच्या नावाखाली प्रेशर प्लेट बदलून कमी दाबाची बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. डिझेलच्या टॉर्कला ती घसरेल. ओढणारी मोटर कमकुवत असेल तर पेडलला मदतनीस स्प्रिंग जोडून घेता येते, धागाकर्त्यांनी धाग्याच्या सुरुवातीला सांगितली तशीच, आणि ती बसवून देणारे कारागीर आहेत.

घाटवाट

जुनेगॅरेज यांच्या सल्ल्यात एकच कागदोपत्री बाब जोडतो. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, तेव्हा किट बसवण्याआधीच आरटीओकडे चौकशी करून ठेवा आणि बदलाची नोंद आरसीवर होईल याची खात्री करून घ्या. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवा. किटचे बिल, बसवणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि तार काढून केलेल्या चाचणीचा एखादा व्हिडिओ जपून ठेवलात तर उत्तम. किट बसवल्यावर कोंडीत आणि चढावर त्याचे वागणे कसे आहे ते इथे लिहिलेत तर जुनेगॅरेज आणि आकडेमोड या दोघांनाही ते वाचायला आवडेल.